शार्ल-ऑगस्टिन द कुलोम

शार्ल-ऑगस्टिन द कुलोम (१४ जून १७३६ – २३ ऑगस्ट १८०६) हे फ्रेंच लष्करी अभियंते व भौतिकशास्त्रज्ञ होते. विद्युत् प्रभारांमधील बलाचा व्यस्त वर्गाचा नियम त्यांनी प्रयोगाने प्रस्थापित केला व तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. विद्युत् प्रभाराच्या एककालाही त्यांचे नाव दिलेले आहे. मात्र विजेकडे वळण्यापूर्वी त्यांच्या आयुष्याची दोन दशके किल्ले, तटभिंती, माती, लाकूड आणि दोरखंड यांच्या सहवासात गेली. कोरड्या घर्षणाचे जे नियम आज भौतिकशास्त्राच्या प्रारंभिक अभ्यासक्रमात शिकवले जातात आणि ज्यांच्या आधारे ठोकळा, उतार व कप्पी यांची उदाहरणे सोडवली जातात, ते याच काळातील त्यांच्या प्रयोगांनी दृढ झाले.

मराठीत त्यांचे आडनाव कुलंब, कूलोम असेही लिहिले जाते.

बालपण आणि शिक्षण

कुलोम यांचा जन्म नैर्ऋत्य फ्रान्समधील आंगुलेम या गावी झाला. त्यांचे वडील आंरी कुलोम हे राजाच्या मालमत्तेच्या व्यवस्थेतील अधिकारी असून त्यांचे घराणे मूळचे माँपेलिए येथील होते. आई कातरीन बाजे या सधन घराण्यातील होत्या. पुढे कुटुंब पॅरिसला आले. तेथे कुलोम यांचे शिक्षण कॉलेज माझारँ या नामांकित विद्यालयात झाले. खगोलशास्त्रज्ञ ल मोनिए यांची व्याख्याने ऐकून त्यांना गणिताची गोडी लागली.

वडिलांनी सट्ट्याच्या व्यवहारांत पैसा गमावला व ते माँपेलिएला परतले. मुलाने वैद्यकाचा अभ्यास करावा अशी आईची इच्छा होती. गणिताचा हट्ट न सोडल्यामुळे मायलेकांत वितुष्ट आले आणि कुलोम वडिलांकडे गेले. माँपेलिए येथील विज्ञान सभेने १७५७ साली या वीस वर्षांच्या तरुणाला सदस्य करून घेतले. तेथे त्यांनी गणित व खगोल या विषयांवर निबंध वाचले.

निबंध वाचून उपजीविका होण्यासारखी नव्हती. घरची स्थिती खालावलेल्या पण गणितात गती असलेल्या तरुणाला लष्करी अभियंत्याचा पेशा हा एक प्रतिष्ठित मार्ग होता. १७६० साली कुलोम यांना मेझिएर येथील अभियांत्रिकी विद्यालयात प्रवेश मिळाला. तेथे गणिताचे अध्यापक शार्ल बोस्यू यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. गणितज्ञ व नौदल अभियंते बोर्दा यांच्याशी त्यांची आयुष्यभराची मैत्री होती. १७६१ च्या अखेरीस शिक्षण पूर्ण करून ते अभियंता दलात अधिकारी म्हणून रुजू झाले.

मार्टिनिक बेटावरील काळ

काही काळ ब्रेस्ट येथे काम केल्यावर १७६४ साली त्यांची वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक बेटावर नेमणूक झाली. हे बेट १७६२ साली ब्रिटिशांनी जिंकले होते व १७६३ च्या पॅरिस तहाने ते फ्रान्सला परत मिळाले होते. पुन्हा तसा प्रसंग येऊ नये म्हणून तेथे फोर बूर्बाँ हा नवा किल्ला बांधण्याचे ठरले आणि त्या बांधकामाची जबाबदारी तरुण कुलोम यांच्यावर आली.

त्यांनी तेथे आठ वर्षांहून अधिक काळ काढला. उष्ण व दमट हवामानात ते अनेकदा गंभीर आजारी पडले आणि त्यांची प्रकृती कायमची खालावली. परंतु याच बांधकामावर त्यांच्या संशोधनाची पायाभरणी झाली. तटबंदीची भिंत किती जाड असावी, भिंतीमागे भरलेली माती तिला किती रेटा देते, कमानीचा दगड कोणत्या स्थितीत निसटतो, हे प्रश्न त्यांना रोज सोडवावे लागत. भिंत गरजेपेक्षा जाड बांधली तर खर्च वाया जाई, आणि बारीक बांधली तर ती ढासळे. प्रचलित ठोकताळे या दोन्हींपासून वाचवण्यास पुरेसे नव्हते. बेटावरील सैनिक किती काम करू शकतात याचीही त्यांनी निरीक्षणे केली. तेथील उष्म्यात माणसाकडून दिवसभरात फ्रान्समधील कामाच्या निम्मेही काम होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. माणसाच्या श्रमशक्तीवरील त्यांचा निबंध पुढे १७९९ मध्ये प्रसिद्ध झाला.

१७७३ चा निबंध

१७७२ साली मायदेशी परतल्यावर कुलोम यांनी स्वतःच्या उपयोगासाठी केलेली टिपणे एकत्र करून १७७३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीसमोर एक दीर्घ निबंध मांडला. तो १७७६ मध्ये प्रसिद्ध झाला. स्थापत्यातील स्थितिशास्त्राच्या काही प्रश्नांना महत्तम व लघुतम मूल्यांचे गणित कसे लावावे, हा त्याचा विषय होता.

मातीचा रेटा काढण्यासाठी त्यांनी योजलेली रीत आजही अभियांत्रिकीत शिकवली जाते. भिंतीमागील माती ढासळते तेव्हा ती एका तिरप्या पातळीवरून पाचरीसारखी घसरते, असे त्यांनी मानले. या पाचरीवर तिचे वजन, भिंतीची प्रतिक्रिया, घसरण्याच्या पातळीवरील आधार, त्या पातळीवरील घर्षण आणि मातीच्या कणांची परस्परांना धरून राहण्याची शक्ती एवढी बले कार्य करतात. ही सर्व बले मांडून पाचर जेमतेम तोललेली असताना त्यांची बेरीज शून्य होते अशी अट घालायची, आणि ज्या तिरकसपणाला भिंतीवरील रेटा सर्वाधिक येतो तो शोधायचा, अशी ही रीत आहे. मृदा यांत्रिकी या शास्त्रशाखेचा आरंभ या निबंधापासून मानला जातो. यातील घर्षणाची व संसक्तीची कल्पना पुढे जर्मन अभियंते ओटो मोर यांच्या कार्याशी जोडली गेली आणि मोर-कुलोम निकष म्हणून रूढ झाली.

घर्षणावरील प्रयोग

कुलोम यांच्या आधी घर्षणाचा अभ्यास झाला नव्हता असे नाही. लिओनार्दो दा विंची यांनी आपल्या वह्यांत घर्षणाविषयी अचूक निरीक्षणे नोंदवली होती. परंतु त्या वह्या अप्रकाशित राहिल्याने नंतरच्या अभ्यासकांना त्यांचा उपयोग झाला नाही. १६९९ साली गीयोम आमोंतों यांनी अकादमीसमोर दोन गोष्टी मांडल्या. घर्षण हे पृष्ठभाग एकमेकांवर ज्या बलाने दाबले जातात त्या बलाच्या प्रमाणात असते, आणि ते स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. घर्षण साधारणतः दाबाच्या एकतृतीयांश असते, असेही त्यांनी सांगितले होते. अठराव्या शतकाच्या मध्यास लिओनार्ड ऑयलर यांनी उतारावरील वस्तूचे गणित मांडून स्थिर वस्तूवरील आणि गतिमान वस्तूवरील घर्षण वेगळे असावे असे दाखवले.

तरीही अभियंत्यांची अडचण कायम होती. हे निष्कर्ष लहान ठोकळ्यांवरील प्रयोगांतून व गणितातून आलेले होते. गोदीतून जहाज पाण्यात सोडताना, जाड दोरखंड कप्पीवरून ओढताना किंवा नांगर वर घेताना किती बल लागेल, हे त्यावरून खात्रीने सांगता येत नव्हते. म्हणून नौदलाच्या कामातील यंत्रांना लागू पडतील असे घर्षणाचे व दोरांच्या ताठरपणाचे नियम नव्या प्रयोगांनी शोधावेत, असा विषय अकादमीने पारितोषिकासाठी जाहीर केला.

१७७९ साली कुलोम यांची रोशफोर या बंदरात बदली झाली. जवळच्या एक्स बेटावर मार्की द माँतालांबेर यांच्या योजनेनुसार लाकडी किल्ला उभारण्याच्या कामात त्यांनी साहाय्य करायचे होते. रोशफोरची गोदी ही त्यांच्यासाठी प्रयोगशाळाच ठरली. त्यांनी एक भक्कम लाकडी मेज उभारले व त्यावर चाके नसलेला, खालून गुळगुळीत केलेला पाटा ठेवला. पाट्यावर वजने रचून त्याला दोर बांधला, तो कप्पीवरून खाली सोडला आणि दुसऱ्या टोकाला वजने टांगली. वजने वाढवत नेली की एका क्षणी पाटा सुटत असे. तो सुटण्यास किती वजन लागले आणि सुटल्यावर ठरावीक अंतरे कापण्यास किती वेळ लागला, हे दोन्ही नोंदवले जाई. पाट्यावरील भार काही हजार पौंडांपर्यंत नेण्यात आला. लाकडावर लाकूड, लाकडावर धातू, धातूवर धातू, कोरडे पृष्ठभाग, चरबी लावलेले पृष्ठभाग, कमी-अधिक क्षेत्रफळ, कमी-अधिक विश्रांतीचा काळ असे सर्व फरक त्यांनी एकेक करून तपासले.

या प्रयोगांवर आधारलेल्या, साध्या यंत्रांच्या सिद्धांतावरील निबंधाला १७८१ साली अकादमीचे पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ते अकादमीचे सदस्य निवडले गेले आणि पॅरिसला स्थायिक झाले.

घर्षणाचे नियम

कुलोम यांच्या निष्कर्षांचा सारांश पुढीलप्रमाणे देता येतो.

१. कोरड्या पृष्ठभागांमधील घर्षण हे जवळजवळ पूर्णपणे लंब दाबाच्या प्रमाणात असते. चिकटण्यामुळे येणारा एक लहान स्थिर भागही त्यांनी सूत्रात धरला होता. मोठ्या भारापुढे तो नगण्य ठरतो.

२. लाकूड लाकडावर काही काळ स्थिर राहिले की त्याला हलवण्यास अधिक बल लागते. हा अवरोध सुरुवातीला वाढतो व काही मिनिटांत कमाल मर्यादेला पोहोचतो.

३. लाकूड एकदा सरकू लागले की घर्षण स्थिर अवस्थेतील मर्यादेपेक्षा बरेच कमी होते, आणि ते वेगावर फारसे अवलंबून नसते.

४. धातूवर धातू कोरडा सरकताना स्थिर व गतिमान अवस्थांतील घर्षणात फरक जवळजवळ आढळत नाही.

५. लाकूड व धातू अशी भिन्न द्रव्ये असतील तर कमाल मर्यादा गाठण्यास चार-पाच दिवसही लागू शकतात आणि गतिमान अवस्थेत वेग वाढला की घर्षणही वाढते.

पाठ्यपुस्तकांत कुलोम यांचा नियम म्हणून जे दिले जाते, ते पहिल्या व तिसऱ्या निष्कर्षाचे सरळ रूप आहे. कोणती द्रव्ये घेतली यावर त्याचे अपवाद कसे पडतात, हे स्वतः कुलोम यांनीच नोंदवून ठेवले होते. लोटन घर्षणावरही त्यांनी प्रयोग केले. लाकडी रूळ जितका मोठ्या व्यासाचा, तितका त्याचा अवरोध कमी, असे त्यांना आढळले.

घर्षणाचे कारण त्यांनी पृष्ठभागांच्या खडबडीतपणात शोधले. दोन ब्रश एकमेकांवर दाबले असता त्यांचे केस एकमेकांत अडकतात, तसे पृष्ठभागांवरील उंचवटे अडकतात, असे त्यांचे चित्र होते. हे स्पष्टीकरण आता अपुरे मानले जाते. पृष्ठभाग प्रत्यक्षात मोजक्या उंचवट्यांच्या टोकांवरच टेकतात, भार वाढला की टेकलेले क्षेत्र वाढते, आणि म्हणूनच दृश्य क्षेत्रफळाचा घर्षणावर परिणाम होत नाही, हे विसाव्या शतकात बाउडन व टेबर यांच्या संशोधनाने स्पष्ट झाले. कारणाविषयीचे मत बदलले तरी मोजमापे टिकली. १८३० च्या दशकात आर्तुर मोराँ यांनी मेट्स येथे केलेल्या विस्तृत प्रयोगांनी त्यांना पुष्टी दिली.

निव्वळ बलाच्या उदाहरणांतील उपयोग

स्थितिक (स्थिर अवस्थेतील) आणि गतिक (सरकतानाचे) घर्षण यांतील भेद हा घर्षणाची उदाहरणे सोडवण्याचा पाया आहे. घर्षणांक गुणिले लंब प्रतिक्रिया या गुणाकाराने स्थितिक घर्षणाची फक्त कमाल मर्यादा मिळते. वस्तू स्थिर असेपर्यंत प्रत्यक्ष घर्षण हे तिला हलवू पाहणाऱ्या बलाइतकेच असते. म्हणून वस्तू सरकते की नाही, हा प्रश्न नेहमी आधी सोडवावा लागतो.

समजा, १० किलोग्रॅम वस्तुमानाचा ठोकळा आडव्या मेजावर आहे. स्थितिक घर्षणांक ०.५, गतिक घर्षणांक ०.३ आणि गुरुत्व त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. ठोकळ्याचे वजन ९८ न्यूटन असून लंब प्रतिक्रियाही तेवढीच आहे. स्थितिक घर्षणाची मर्यादा ४९ न्यूटन येते. ठोकळा ४० न्यूटन बलाने आडवा ओढला तर ही मर्यादा ओलांडली जात नाही. घर्षण ४० न्यूटन राहते, निव्वळ बल शून्य असते आणि ठोकळा जागचा हलत नाही. येथे घर्षण ४९ न्यूटन धरल्यास ठोकळा ओढणाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जाऊ लागेल, असे अशक्य उत्तर मिळते. बल ६० न्यूटन केले तर मर्यादा ओलांडली जाते, ठोकळा सरकू लागतो आणि गतिक घर्षण २९.४ न्यूटन होते. निव्वळ बल ३०.६ न्यूटन, म्हणून त्वरण ३.०६ मीटर प्रति सेकंद वर्ग.

हाच ठोकळा त्याच द्रव्याच्या उतारावर ठेवला तर त्याच्या वजनाचे दोन घटक करावे लागतात. उताराचा कोन २० अंश असल्यास उताराच्या दिशेचा घटक सुमारे ३३.५ न्यूटन व लंब प्रतिक्रिया सुमारे ९२ न्यूटन येते. घर्षणाची मर्यादा ४६ न्यूटन असल्याने ठोकळा स्थिर राहतो आणि घर्षण ३३.५ न्यूटन असते. कोन ३० अंश केल्यास उताराच्या दिशेचा घटक ४९ न्यूटन होतो, तर मर्यादा सुमारे ४२.४ न्यूटनपर्यंत उतरते. ठोकळा घसरतो, गतिक घर्षण सुमारे २५.५ न्यूटन, निव्वळ बल सुमारे २३.५ न्यूटन आणि त्वरण सुमारे २.३५ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. ज्या कोनाचे स्पर्शगुणोत्तर स्थितिक घर्षणांकाइतके असते, त्या कोनाला ठोकळा घसरण्याच्या बेतात येतो. येथे तो कोन सुमारे २६.६ अंश आहे. ठोकळ्याचे वस्तुमान कितीही असले तरी या कोनात बदल होत नाही.

ब्रिटनी कालवा प्रकरण

अकादमीचे सदस्य झाल्यावर कुलोम यांच्याकडे सरकारी सल्लागाराची अनेक कामे आली. १७८३ मध्ये त्यांना ब्रिटनी प्रांतातील कालवे व बंदरे यांच्या योजना तपासण्यासाठी पाठवण्यात आले. योजनेमागे वजनदार मंडळी होती. कुलोम यांनी मात्र खर्चाच्या मानाने लाभ अल्प असल्याचे सांगून प्रतिकूल अभिप्राय दिला. त्याचा परिणाम म्हणून, लष्करी वरिष्ठांची परवानगी घेतली नाही असे कारण पुढे करून नोव्हेंबर १७८३ मध्ये त्यांना पॅरिसच्या आबेई तुरुंगात आठवडाभर डांबण्यात आले. त्यांनी अभियंता दलाचा राजीनामा देऊ केला, पण तो स्वीकारला गेला नाही. पुन्हा पाहणीवर गेल्यानंतरही त्यांचे मत बदलले नाही. प्रांताच्या सभेने नंतर त्यांना मोठे बक्षीस देऊ केले व त्यांनी केवळ सेकंदकाटा असलेले एक घड्याळ स्वीकारले, अशी हकिकत जुन्या चरित्रलेखांत आढळते.

विद्युत् आणि चुंबकत्व

कुलोम यांचे विजेवरील कार्यही एका अर्थी घर्षणाच्या प्रश्नातूनच निघाले. होकायंत्राची सुई टोकदार खुंटीवर टेकलेली असते. खुंटीवरील घर्षणामुळे सूक्ष्म विचलने दिसत नाहीत. सुई बारीक धाग्याला टांगावी, म्हणजे हे घर्षणच उरणार नाही, असा उपाय त्यांनी सुचवला. चुंबकीय सुयांवरील या निबंधासाठी १७७७ साली त्यांना डच शास्त्रज्ञ व्हान स्विंडेन यांच्यासह अकादमीचे पारितोषिक मिळाले.

टांगलेल्या धाग्याला पीळ बसतो आणि तो पीळ सुईला मागे ओढतो. म्हणून पिळाचेच नियम त्यांनी शोधले. तारेला पीळ देण्यास लागणारे परिबल हे पिळाच्या कोनाच्या व तारेच्या व्यासाच्या चतुर्थ घाताच्या समप्रमाणात आणि लांबीच्या व्यस्त प्रमाणात असते, हे त्यांनी १७८४ मध्ये दाखवले. याच तत्त्वावर त्यांनी अत्यंत क्षीण बले मोजणारी पीळ तुला तयार केली. १७८५ ते १७९१ या काळात त्यांनी विद्युत् व चुंबकत्वावर सात निबंध सादर केले. दोन प्रभारांमधील बल हे प्रभारांच्या गुणाकाराच्या समप्रमाणात व अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, हा नियम त्यांतून सिद्ध झाला. घर्षणाचा विषयही सुटला नव्हता. १७९० मध्ये त्यांनी खुंट्यांच्या टोकांवरील घर्षणावर स्वतंत्र निबंध लिहिला.

क्रांतीचा काळ आणि उत्तरायुष्य

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९१ मध्ये कुलोम अभियंता दलातून निवृत्त झाले. १७८४ पासून त्यांच्याकडे राजाच्या जलव्यवस्थेचे व कारंज्यांचे अधीक्षकपद होते. ऑगस्ट १७९३ मध्ये विज्ञान अकादमी बरखास्त झाली. नव्या वजने-मापे पद्धतीसाठी नेमलेल्या आयोगावर ते काम करत होते. डिसेंबर १७९३ मध्ये लाव्हाझिए, लाप्लास, बोर्दा आदींबरोबर त्यांनाही तेथून वगळण्यात आले. तेव्हा ते बोर्दा यांच्यासह ब्लवा गावाजवळील आपल्या घरी जाऊन राहिले. १७९५ मध्ये फ्रान्सची नवी विज्ञानसंस्था स्थापन झाली व तिच्या सदस्यपदी त्यांची निवड झाली.

त्यांना दोन मुलगे होते. मुलांची आई लुईझ फ्राँस्वाझ यांच्याशी त्यांचा विवाह १८०२ मध्ये झाला. त्याच वर्षी सार्वजनिक शिक्षणाच्या निरीक्षकपदी नेमणूक होऊन त्यांनी नव्या सरकारी माध्यमिक विद्यालयांच्या उभारणीत भाग घेतला. मार्टिनिकपासून बिघडलेली प्रकृती अखेरपर्यंत सुधारली नाही. २३ ऑगस्ट १८०६ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.

सन्मान

१८८१ साली पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत् परिषदेने प्रभाराच्या एककाला कुलोम हे नाव दिले. एक अँपिअर प्रवाह एक सेकंद वाहिल्यास जितका प्रभार वाहून जातो, तो एक कुलोम होय. आयफेल मनोऱ्यावर कोरलेल्या ७२ नावांत त्यांचे नाव आहे. चंद्रावरील एका विवरालाही त्यांचे नाव देण्यात आले आहे. यांत्रिकीमध्ये कोरड्या घर्षणाला कुलोम घर्षण असे म्हटले जाते.